फ्लोरिडाची संत्री, केंटकीची दारू आणि अटलांटिकपारची दोस्ती

बंदरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी रॉटरडॅमला कस्टम्सची कागदपत्रं करणाऱ्या एका छोट्या हापिसात आहे. नाशिकची द्राक्षं, तुर्कस्तानचे स्क्रू, कॅलिफोर्नियाचे बदाम, माझ्यासाठी सगळं सारखंच: मालाचा कोड, मूळ देश, किंमत, शुल्क. त्यामुळे अमेरिका आणि युरोपची मैत्री मी भाषणांपेक्षा शुल्काच्या तक्त्यात जास्त बघतो.

मध्यंतरी इथेच कुणीतरी लिहिलं होतं की या दोघांची 'सामायिक लोकशाही मूल्यं' म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. मला ते अर्धंच पटलं. दोघांचे संयुक्त जाहीरनामे मीही चाळलेत. १९९० चा, १९९५ चा माद्रिदचा, २०२१ चा ब्रसेल्सचा. सुरुवातीचे परिच्छेद आपापसात बदलले तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. पण मूल्यं तिथे शोधूच नयेत. ती यांच्या भांडणांत दिसतात.

२००२ चं भांडण घ्या. मार्चमध्ये धाकट्या बुशने पोलादावर ३० टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया इथले कारखाने डबघाईला आलेले, आणि मतं तिथलीच हवी होती. युरोप जागतिक व्यापार संघटनेकडे गेला, पण बरोबरीने सुमारे २.२ अब्ज डॉलरच्या अमेरिकन मालाची यादीही करून ठेवली. निकाल बाजूने लागला की यावर शुल्क. त्या यादीत होती फ्लोरिडाची संत्री. जिथे २००० साली ५३७ मतांनी राष्ट्राध्यक्ष ठरला, तेच हे फ्लोरिडा! नोव्हेंबर २००३ मध्ये संघटनेच्या अपील मंडळाने पोलादाचं शुल्क बेकायदा ठरवलं. ४ डिसेंबरला बुशने ते मागे घेतलं. पुढच्या वर्षी निवडणूक होती.

माझा मुद्दा एवढाच. ही यादी करणाऱ्या ब्रसेल्सच्या (म्हणजे युरोपीय संघाच्या मुख्यालयातल्या) बाबूला अमेरिकेतले मतदारसंघ आपल्या घरच्यासारखे पाठ होते. बागायतदार चिडेल, तो खासदाराला फोन करेल, खासदार व्हाइट हाउसला करेल, एवढी साखळी त्याने गृहीत धरली होती. समोरच्या देशात लोकशाही चालते यावर इतका विश्वास जाहीरनाम्यात कुठे दिसतो?

२०१८ मध्ये तोच खेळ पुन्हा झाला. ट्रम्प यांनी पोलादावर २५ आणि अॅल्युमिनियमवर १० टक्के लावले, कारण दिलं राष्ट्रीय सुरक्षेचं. कायदा १९६२ चा, कलम २३२. गंमत बघा, तो कायदा केनेडींनी करून घेतला होता युरोपशी शुल्क *कमी* करण्याच्या वाटाघाटींसाठी. युरोपने २२ जूनपासून उलट शुल्क लावलं. यादीत बर्बन व्हिस्की (सिनेटचे तेव्हाचे नेते मॅककॉनेल केंटकीचे), हार्ले-डेव्हिडसन (तेव्हाचे सभापती रायन विस्कॉन्सिनचे), जीन्स आणि पीनट बटरही.

तो आठवडा मला चांगला आठवतो. आमच्याकडे बर्बनचे दोन कंटेनर होते. जहाज आधीच निघालं होतं याचे कागद शोधायला आयातदार दर अर्ध्या तासाने फोन करत होता. बिल ऑफ लेडिंगवरच्या (माल जहाजावर चढल्याच्या पावतीवरच्या) तारखेचा शिक्का पुसट. माझी वरिष्ठ डच बाई भिंगातून बघत म्हणाली, एकवीस असेल तर हा माणूस वाचला. भिंग तिच्या आजोबांचं होतं, तिकिटं बघायचं.

आता प्रश्न. २०२५ मध्ये युरोपकडे ९३ अब्ज युरोच्या मालाची यादी तयार होती. तरी २७ जुलैला स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीला, ट्रम्प यांच्याच गोल्फ रिसॉर्टवर, युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी बहुतेक युरोपीय मालावर अमेरिकेचं १५ टक्के शुल्क मान्य केलं आणि यादी खणात गेली. संत्र्यांची जादू का चालली नाही? मंडळींनी मतं द्यावीत.


खवचट काका

दारूवर शुल्क लावल्याने लोकशाहीचं रक्षण कसं होतं ते कळलं नाही. दारू महाग होते एवढं कळलं. हलके घ्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.


स्टेपनी

धागा आवडला, पण संत्र्याची गोष्ट गोड आहे म्हणून निवडलीत असं वाटतं. मी मिशिगनमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांच्या खरेदीत आहे. आमच्याकडची गोष्ट कोंबडीची.

१९६० च्या सुमाराला अमेरिकेची स्वस्त गोठवलेली कोंबडी पश्चिम जर्मनीत धो धो जायला लागली. तिथले शेतकरी ओरडले. १९६२ मध्ये युरोपीय सामायिक बाजाराने (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वजाने) कोंबडीवरचा आयातकर वाढवला. वाटाघाटी फसल्या, आणि डिसेंबर १९६३ मध्ये, केनेडींची हत्या होऊन पंधरवडाही झाला नव्हता, जॉन्सन यांनी चार वस्तूंवर शुल्क चढवलं: बटाट्याचा स्टार्च, डेक्सट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक. ट्रकवर २५ टक्के, रोख फोक्सवागनच्या छोट्या मालवाहू गाड्यांवर.

बाकी तिन्हींवरचं केव्हाच गेलं. ट्रकवरचं साठ वर्षांनंतरही आहे. कोंबडीचं भांडण कुणाला आठवतही नाही, पण त्या भिंतीआड इथल्या कंपन्यांचा पिकअपचा धंदा इतका फळला की भिंत पाडायचं नाव कोण काढणार?

आणि पळवाट बघा. फोर्डची ट्रान्झिट कनेक्ट तुर्कस्तानात बनायची. ती अमेरिकेत यायची मागच्या सीटा आणि खिडक्यांसकट, म्हणजे 'प्रवासी गाडी' म्हणून, २.५ टक्क्यांत. बाल्टिमोरला उतरली की सीटा उपटायच्या, काचांच्या जागी पत्रा बसवायचा, झाली मालवाहू. कस्टम्सने पकडलं, २०१९ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या विरोधात निकाल दिला, २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटलं. तुमच्या डच बाईंना भिंग द्यायला हवं होतं तिथे.

म्हणजे मतदाराला चिमटा काढून शुल्क हटतं, तसंच मतदाराच्या लाडापायी ते साठ वर्षं टिकतंही. दोन्ही लोकशाहीच.


बंदरकर

स्टेपनी, दंडवत. सीटांचं माहीत होतं, खिडक्यांचं नव्हतं. मुद्दा मान्य.


गंगाधर

हे सगळं ठीक आहे हो, पण चीननेही २०१८ मध्ये अमेरिकेच्या सोयाबीनवर २५ टक्के लावले होते. आयोवाचा शेतकरी चिडावा म्हणूनच ना? मग मतदारसंघ पाठ असणं हे सामायिक मूल्य कसं? चोरालाही घराचा नकाशा पाठ असतो.


बंदरकर

हा नेमका बसला! फरक मी असा करेन: चीन ही युक्ती अमेरिकेवर वापरू शकतो, अमेरिका चीनवर वापरू शकत नाही. अटलांटिकवर ती दोन्हीकडून चालते. १९९९ मध्ये हार्मोनवाल्या गोमांसाच्या भांडणात (युरोप ते अमेरिकेकडून घेईना) अमेरिकेने फ्रान्सच्या रोकफोर चीजवर १०० टक्के लावले, आणि त्याच ऑगस्टमध्ये जोझे बोव्हे आणि त्याच्या शेतकरी साथीदारांनी मियो गावातलं बांधकाम चालू असलेलं मॅकडोनाल्ड्स मोडून काढलं. रोकफोरसाठी मेंढ्यांचं दूध घालणारी माणसं ती. पॅरिसला तो आवाज ऐकावाच लागला.

पण 'मूल्य' हा शब्द मी जरा सैल वापरला, हे कबूल.


मांडवीकाठ

सैल नव्हे, फारच सैल. आम्हां गोंयकारांना अटलांटिक कराराचं नाव काढलं की वेगळंच आठवतं.

४ एप्रिल १९४९ ला वॉशिंग्टनमध्ये नाटोच्या करारावर सह्या झाल्या. प्रस्तावनेत लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य, कायद्याचं राज्य. सही करणाऱ्या १२ देशांत हुकूमशहा सालाझारचा पोर्तुगाल! ज्याच्या राज्यात गोव्यात सभा घेतली म्हणून १९४६ मध्ये डॉ. लोहियांना पकडलं. अटलांटिकमधली पोर्तुगालची अझोरेस बेटं विमानतळासाठी हवी होती, बाकी प्रस्तावना काय, लिहायला पैसे पडत नाहीत.

२ डिसेंबर १९५५ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे कुन्या यांनी संयुक्त निवेदन काढलं, त्यात गोव्याचा विषय पूर्वेकडचे 'पोर्तुगीज प्रांत' म्हणून आला. प्रांत, वसाहत नव्हे. त्याच ऑगस्टात निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. माझ्या आज्याच्या बोलण्यात डलेस हे नाव शिवीसारखं यायचं. लहानपणी मला ते एखाद्या रोगाचं नाव वाटे.

नाटोच्या कलम ६ मुळे गोवा वाचला. संरक्षणाची हमी युरोप, उत्तर अमेरिका आणि उत्तर अटलांटिकमधल्या कर्कवृत्ताच्या उत्तरेकडच्या बेटांपुरती. आपण कुठे त्यात! तरी १९६१ च्या डिसेंबरात भारताचं सैन्य आत शिरलं तेव्हा सुरक्षा परिषदेत भारताने माघार घ्यावी म्हणून ठराव आणला तो अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने. चारही नाटोवाले. सात विरुद्ध चार मतं पडली, आणि सोव्हिएत व्हेटोमुळे तो पडला.

त्याआधी १९४१ ची रूझवेल्ट-चर्चिल यांची अटलांटिक सनद. 'सर्व लोकांना आपलं सरकार निवडण्याचा हक्क' असं त्यात आलं, आणि महिन्याभरात, ९ सप्टेंबरला, चर्चिलने संसदेत सांगून टाकलं की हे नाझींच्या टाचेखालच्या युरोपसाठी आहे, साम्राज्यातल्या लोकांसाठी नाही. संत्री-बिंत्री नंतर.


तळेगावची मुलगी

मांडवीकाठ, +१. प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी. डलेसचं माहीत नव्हतं.


स्वप्नील_७७

सगळे गोऱ्यांचं बोला. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्यावर ५० टक्के लावले त्याचं काय? कोळंबीवाले, दागिनेवाले, कापडवाले...


संपादक

स्वप्नील, त्यावर आधीच दोन धागे चालू आहेत. कृपया तिथे. या धाग्यावर विषय अमेरिका-युरोपचाच राहू द्या.


हापूसराव

विषयाला धरूनच लिहितो, पण आंब्यावरून. रत्नागिरीहून निर्यात करतो. अमेरिका आणि युरोप एकमेकांच्या नियमांकडे कसे बघतात हे आमच्याइतकं कुणाला माहीत नसेल, कारण एकच पेटी आम्ही दोघांसाठी दोन वेगळ्या पद्धतींनी करतो.

दोघांना भीती एकच: फळमाशी, आणि अमेरिकेला जोडीला कोयीतला भुंगा. अमेरिका म्हणते, किरणोत्साराने मारा. इरॅडिएशन, किमान ४०० ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप). जवळजवळ १८ वर्षं तिथे आपला आंबा बंद होता, २००७ मध्ये सुरू झाला तो लासलगावच्या केंद्रामुळे. ते केंद्र उभारलं होतं कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून! त्या वेळच्या देवाणघेवाणीत आपण हार्लेच्या मोटारसायकली येऊ दिल्या. म्हणजे बंदरकर, तुमच्या यादीतली हार्ले आणि माझा हापूस जुने व्याही आहेत.

युरोपला हे चालत नाही. तिथे सगळ्या देशांत मिळून इरॅडिएशनला परवानगी फक्त वाळवलेल्या मसाल्यांना आणि तत्सम वनस्पतींना. त्यांच्यासाठी गरम पाणी: ४८ अंशाला तासभर आंबा बुडवून ठेवायचा. १ मे २०१४ ला माशीच्या कारणावरून युरोपने हापूस बंदच केला होता, ऐन हंगामात. जानेवारी २०१५ मध्ये उठवला, आपण पॅकहाउस आणि तपासणी सुधारल्यावर.

माशी तीच, झाड तेच, बागेतला गडीही तोच. एकाला किरण चालतात, पाणी नको. दुसऱ्याला पाणी चालतं, किरण नकोत. यांच्या क्लोरीनच्या कोंबडीचं भांडण तरी वेगळं काय आहे? अमेरिकेत कापलेली कोंबडी जंतुनाशक पाण्यातून काढतात. युरोपने ते १९९७ पासून बंद केलंय, म्हणतात खुराड्यापासून स्वच्छता ठेवा, शेवटी धुऊन पाप झाकू नका. अमेरिका म्हणते खाणारा आजारी पडला का ते बघा. आम्ही मधल्या मध्ये दोन यंत्रणा पोसतो.

आणि दोन्हीकडे शेवटी कागदच. मे २०२५ मध्ये मुंबईहून विमानाने गेलेल्या १५ खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर अडकल्या. वाद फळाचा नव्हता, इरॅडिएशनच्या नोंदींचा होता. परत आणायचं भाडं परवडेना, तिथेच नष्ट केल्या.


निळी शाई

हापूसराव, औषधांत मात्र यांनी एकमेकांवर विश्वास टाकायला सुरुवात केलीय. १९९८ चा परस्पर मान्यतेचा करार कागदावरच पडून होता. २०१७ पासून खरा लागू झाला, आणि ११ जुलै २०१९ पासून माणसांच्या औषधांसाठी युरोपातले सगळे सदस्य देश त्यात आले. आता अमेरिकेचा निरीक्षक जर्मनीतल्या कारखान्यात पुन्हा जात नाही, जर्मनीचा अहवाल मानतो, आणि उलटही. याची बातमी कुठे आली? मूल्यंबिल्यं काही नाही, निरीक्षकांनी निरीक्षकांची परीक्षा घेतली, बस्स.

मी संभाजीनगरला गुणवत्ता विभागात आहे. आमच्याकडे अजून दोघंही स्वतंत्र येतात. एकाच कपाटातली तीच फाइल, एकदा अमेरिकनांसाठी उघडायची, एकदा युरोपीयांसाठी. मी फाइलीला नवीन पुठ्ठा घातला, जुना झिजला होता.


मावळतीकडे

ब्रसेल्सहून लिहितेय. बंदरकर, तुम्ही अमेरिकेच्या मतदाराचा धाक सांगितलात. युरोपच्या मतदाराचाही सांगा की. अमेरिकेबरोबरचा मोठा व्यापार करार, टीटीआयपी, जुलै २०१३ ला सुरू झाला आणि १५ फेऱ्यांनंतर ऑक्टोबर २०१६ ला थांबला. ट्रम्प आले म्हणून गेला असं सगळे म्हणतात, पण तो आधीच धापा टाकत होता. विरोधाच्या अर्जावर तीस लाखांवर सह्या झाल्या होत्या, आणि मुख्य राग होता कंपन्यांना सरकारवर खास लवादात दावा लावता येईल याचा. माझ्या शेजारच्या जर्मन आजींना ते कलम तोंडपाठ होतं. कोंबडीचं पण.

त्याच महिन्यात कॅनडाबरोबरचा व्यापार करार अडवला वालोनियाने. बेल्जियमचा दक्षिण भाग, लोकसंख्या पस्तीस-छत्तीस लाख. तिथले मुख्यमंत्री पॉल मान्येत नाही म्हणाले, म्हणून बेल्जियम सही करेना, म्हणून अख्खा युरोप अडला. कॅनडाच्या मंत्री फ्रीलंड बैठकीतून उठून गेल्या, डोळ्यांत पाणी. आठवड्याभराने जोडपत्र जोडून ३० ऑक्टोबरला सही झाली. २०१७ पासून तो 'तात्पुरता' लागू आहे. मध्येच २०२० मध्ये सायप्रसच्या संसदेने नकार दिला, त्यांच्या हलूमी चीजच्या नावाला संरक्षण नाही म्हणून.

आमच्या हापिसात दोन तट पडले होते. मी वालोनियाच्या बाजूची. पण फ्रीलंडबाईंचं वाईटही वाटलं.


गंगाधर

म्हणजे आपल्याकडे एका तालुका पंचायतीने जागतिक करार अडवल्यासारखं झालं. असं झालं पाहिजे की नाही यावर आमच्या घरात आत्ता वाद पेटलाय, बायको वालोनियाच्या बाजूची.


काळा कोट

बंदरकरांच्या मूळ प्रश्नाकडे कुणी वळेना, म्हणून मी वळतो. २००३ मध्ये संत्री चालली कारण त्यांच्या मागे एक निकाल होता. यादी म्हणजे नुसती धमकी नव्हती, न्यायालयाने दिलेली जप्तीची परवानगी होती. एअरबस-बोइंगचं, म्हणजे विमान कंपन्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचं, भांडण बघा. २००४ ला सुरू झालं. २०१९ मध्ये अमेरिकेला ७.५ अब्ज डॉलरच्या मालावर शुल्क लावायची परवानगी मिळाली, २०२० मध्ये युरोपला ४ अब्जांची. दोघांनीही लावलं. स्कॉच, वाइन, चीज महागलं, आणि जून २०२१ मध्ये पाच वर्षांचा तह झाला. सतरा वर्षं भांडले, पण पंच मानून भांडले.

तो पंच डिसेंबर २०१९ पासून घरी बसलाय. व्यापार संघटनेच्या अपील मंडळावर सात जण लागतात, खटला ऐकायला किमान तीन. अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून ठेवल्या. हे एकट्या ट्रम्प यांचं काम नाही: २०१६ मध्ये ओबामांच्या काळात एका कोरियन सदस्याची फेरनियुक्ती अडवली गेली, आणि बायडन यांनीही अडवणूक चालूच ठेवली. युरोपने २०२० मध्ये कॅनडा वगैरेंना घेऊन पर्यायी लवाद काढला. त्यात अमेरिका नाही. आता ९३ अब्जांची यादी कुणाच्या शिक्क्याने काढणार?


मावळतीकडे

पटलं, पण ते अर्धंच. दुसरं अर्धं युक्रेन. २०२१ मध्ये पिट्सबर्गला पहिली बैठक झालेली अमेरिका-युरोपची व्यापार आणि तंत्रज्ञान परिषद आठवतेय? दहा कार्यगट, भरपूर चहा-बिस्किटं. पण २०२२ मध्ये रशियाला चिप आणि यंत्रं जाऊ द्यायची नाहीत हे दोन्हीकडे जुळवून घेता आलं, ते तिथली माणसं एकमेकांना आधीपासून ओळखत होती म्हणून. रशियन तेलाला पिंपामागे ६० डॉलरची मर्यादाही त्याच डिसेंबरची. २०२५ मध्ये युरोपला हीच भीती होती: बर्बनवर शुल्क लावायचं, आणि उद्या कीव्हला क्षेपणास्त्रं बंद झाली तर? एका खिशातल्या यादीसाठी दुसऱ्या खिशात हात घालता येईना.

आणि एप्रिलमधल्या पहिल्या यादीतून तर बर्बन काढलंच होतं. ट्रम्प यांनी वाइनवर २०० टक्क्यांची धमकी दिल्यावर फ्रान्स-इटलीनेच ते काढायला लावलं. बंदरकर, इथे उलट झालं, युरोपच्या मतदारसंघांचा नकाशा अमेरिकेला पाठ निघाला.


खवचट काका

पॉपकॉर्न संपले. वाचनखूण साठवली. अवांतर: त्या बर्बनच्या कंटेनरचं पुढे काय झालं?


बंदरकर

काळा कोट आणि मावळतीकडे, दोघांचं एकत्र केलं की माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं. पंचही नाही आणि पाठीशी सैन्यही दुसऱ्याचं. मांडवीकाठ, तुमच्या प्रतिसादाला माझ्याकडे उत्तर नाही. 'मूल्यं'ऐवजी 'सवयी' लिहायला हवं होतं. शीर्षकात तो शब्द नाही हे बरं झालं.

काका, शिक्का एकवीसचाच निघाला. आयातदाराने बाईंना एक बाटली पाठवली, ती त्यांनी नियमाप्रमाणे परत केली. वर चिठ्ठी लिहिली, भेटवस्तूची किंमत जाहीर केलेली नाही.

हापूसराव, इथल्या बाजारात येतो तो पाण्यातून काढलेला, हे आज कळलं. मी उगाच देठाशी वास घेत दुकानदाराशी भांडत होतो.


हापूसराव

देठाशी वास येतो की नाही हे पाण्यापेक्षा तोडणीवर जास्त आहे. पुढच्या हंगामात व्यक्तिगत निरोप करा, कुठल्या दुकानात आमची पेटी जाते ते सांगतो.